बटणाची वरची कड

मेसा केमादा गावच्या हायस्कुलात लष्करी शिक्षण घेणाऱ्या कॅडेटांच्या गणवेशाची तपासणी दर बुधवारी सकाळी सात चाळीसला होते. सतरा वर्षं ती सार्जंट देल्फिनो आर्चुलेतानेच केली. सहा इंची पोलादी फूटपट्टी छातीच्या खिशात, हातात तक्ता, आणि टाचा अशा आपटायच्या की वळणावरून तो दिसायच्या आधीच पोरं श्वास रोखून उभी राहायची. मुलींच्या कोटावर नावाची पितळी पाटी कुठे असावी? सगळ्यात वरच्या बटणापासून एक ते दोन इंच वर. बटणापासून म्हणजे नेमकं कुठून? बटणाच्या वरच्या कडेपासून. हे त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्याची बायको एर्लिंदा चुलीवर मिरच्या भाजता भाजता त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची.

फौजेत बावीस वर्षं काढून, दोन लढाया पाहून तो गावी परतला होता. स्वतःचे मुलगे दोन. एक दातांचा डॉक्टर झाला, दुसऱ्याने अल्बुकर्कीत टायरचं दुकान काढलं. सरळ रेषेत चालायला दोघांनीही नकार दिला. मग देल्फिनोने आपलं सगळं मन शाळेच्या कवायत पथकात ओतलं. बारा जणांचं पथक. गोळी न झाडणाऱ्या, नऊ पौंडांच्या पांढऱ्या बंदुका हवेत भिरकावायच्या आणि सगळ्यांनी एकाच क्षणी झेलायच्या. बारा तळव्यांचा एकच आवाज आला पाहिजे. राज्याच्या स्पर्धेत हे पथक सहा वेळा पहिलं आलं होतं. पथकात वर्षभर टिकणाऱ्याला उजव्या खांद्यावर पांढरा रेशमी गोफ मिळायचा, आणि मेसा केमादात तो गोफ बघून दुकानदारसुद्धा पोराला आधी वाट द्यायचे.

बारावीतली यारित्सा मोंतान्यो या पथकाची म्होरकी होती. नववीत आली तेव्हा हिचा आवाज घशातच अडकायचा. देल्फिनोने तिला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेला आणि ओरडला, "पोटातून! मला इथे ऐकू आलं पाहिजे, आणि माझा एक कान लढाईत गेलाय!" चौथ्या महिन्यात त्याला ऐकू आलं. त्यानंतर ती मधल्या सुट्टीत गणवेशांच्या कोठीत यायची, आजीने दिलेली, घेवडा भरलेल्या पोळीची गुंडाळी खायची आणि त्यातली अर्धी त्याच्यापुढे सरकवायची. हे जवळजवळ तीन वर्षं चाललं. देल्फिनोला त्यात काही विशेष वाटत नसे. रोज मिळणाऱ्या गोष्टीत काय विशेष असतं!

मग ऑगस्टमध्ये मेजर रॉबर्टा क्लाइन आली. ओहायोची, निवृत्त, उंच, आणि आवाज न चढवता बोलणारी. हुद्द्याने त्याच्या वरची. तिने ऑक्टोबरात बॉयलरच्या शेजारची खोली रिकामी करून घेतली, सहा संगणक मांडले आणि कॅडेटांचा व्हिडिओ गेमचा संघ काढला. पाच विरुद्ध पाच. एकाने टेकडी राखायची, दुसऱ्याने पुढे जाऊन बघायचं, कुणी कुणाची पाठ सांभाळायची, असा तो खेळ. दर गुरुवारी चार वाजता दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या कॅडेटांशी सामना.

"खुर्चीत बसून?" देल्फिनोने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"उभं राहून खेळता येत नाही, सार्जंट," मेजर म्हणाली. "मान अवघडते."

नोव्हेंबरात यारित्सा कोठीच्या दारात येऊन उभी राहिली. "सार्जंट, मेजरना गेमसाठी एक कप्तान हवाय. फक्त गुरुवारी. आपली मंगळवार-शुक्रवारची कवायत आहेच."

"जा की," देल्फिनो म्हणाला. "मला कशाला विचारतेस?"

ती गेली, आणि याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. कोठी आणि ती खोली यांच्यामध्ये एकच भिंत. गुरुवारी भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायचा. यारित्सा हसते हे त्याला माहीतच नव्हतं. कवायतीत हसायचं नसतं, हे त्यानेच शिकवलेलं. पुढे मधल्या सुट्टीतही ती तिकडेच बसू लागली. आठवड्यातून एकदा कोठीत यायची, घाईघाईने खायची आणि सांगत सुटायची, मेजर म्हणाल्या असं, मेजर म्हणाल्या तसं. देल्फिनो पट्ट्याची बकलं मोजत बसायचा आणि 'हूं' म्हणायचा.

जानेवारीत पालकांची सभा भरली. प्रश्न एकच होता. गेमच्या संघाला कवायत, नेमबाजी यांच्या बरोबरीचा दर्जा द्यायचा का? म्हणजे त्यांनाही गोफ, त्यांनाही गुण, त्यांचंही नाव फलकावर. देल्फिनो कागदावर पाच कारणं लिहून घेऊन गेला होता.

त्याने ती स्वच्छ वाचली. कॅडेट म्हणजे अंग कमावणं, खुर्ची नव्हे. पडद्यावरचा मेलेला परत उठतो, खरा उठत नाही, आणि हे पोरांनी पंधराव्या वर्षी उलटं शिकू नये. गेम विकणाऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं, त्याला शाळेने दार उघडू नये. फौजेत भरती करणारे आता मैदानावर न येता त्या खोलीत येऊन बसतील. आणि पाचवं, गोफ हा घामाचा असतो.

दुसरं कारण वाचताना त्याचा आवाज जरा हलला होता, आणि गावात दोन घरं अशी होती जिथे मुलगा परत उठला नव्हता.

मेजर क्लाइन उभी राहिली. "सार्जंटचं दुसरं कारण मला मान्य आहे. मी ते त्या खोलीत दर गुरुवारी बोलते, हवं तर येऊन ऐका. पण एक सांगा. सतरा वर्षं तुम्ही पोरांच्या हातात बंदूक देताय. ती उडत नाही, ठीक. पण बंदूकच ना? माझ्या पोरांच्या हातात बटण आहे. यातलं कुठलं निष्पाप, ते मला तरी कळत नाही."

मागच्या रांगेतून तदेओ नावाचा गेमच्या संघातला पोरगा म्हणाला, "आणि सार्जंट, घाम तिथेही येतो. बॉयलरशेजारी बसून बघा!"

सभा हसली. मतदान झालं. गेमला हिरवा गोफ मंजूर झाला, डाव्या खांद्यावर.

घरी येताना एर्लिंदा गाडी चालवत होती. पुलावर आल्यावर ती म्हणाली, "पाचही कारणं बरोबर होती, फिनो."

"मग?"

"सहावं घरी विसरलास."

"कुठलं सहावं?"

"ती दुसऱ्याच्या ताटात जेवते ते."

"काहीतरी बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत," एर्लिंदा म्हणाली, आणि घरापर्यंत खरंच बोलली नाही. ते त्याला जास्तच झोंबलं.

बारा फेब्रुवारीचा बुधवार. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गेमचा मोठा सामना होता. जिंकला तर संघ राज्याच्या शेवटच्या चारांत जाणार होता. फलकावर मेजरने यारित्साचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. कवायत पथकाची राज्यस्पर्धाही त्याच महिन्यात होती, पण तिचा कागद खाली, कोपऱ्यात, एका टाचणीवर लटकत होता. देल्फिनोने तपासणीला जाता जाता ते बघितलं.

यारित्सा रांगेत पहिली उभी होती. इस्त्री अशी की कोटाची घडी बोटाला लागावी. तिची आजी, दोन्या एलोइसा, मंगळवारी संध्याकाळी दुसरं काम हातात घेत नसे. बूट, केस, पट्टा, सगळं चोख. देल्फिनोने फूटपट्टी काढली आणि नावाच्या पाटीला लावली. दीड इंच होतं. अगदी मध्यावर. तेवढ्यात तदेओ रांगेतून कुजबुजला, "उद्या चार वाजता, कप्तान," आणि यारित्साच्या ओठांचा कोपरा हलला. ते भिंतीपलीकडचं हसू होतं. देल्फिनोने ते पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं.

त्याच्या अंगठ्याखाली फूटपट्टी सरकली. बटणाच्या वरच्या कडेवरून खालच्या कडेवर आली.

"दोन इंच आणि वर एक रेघ," तो म्हणाला. "नापास."

यारित्साने मान हलवली नाही. रांगेत हलवायची नसते. पण डोळे एकदा खाली बटणाकडे गेले आणि परत समोर आले.

तपासणीत नापास होणारा कॅडेट पुढचे दहा दिवस शाळेतर्फे कुठल्याही स्पर्धेत उतरत नाही, हा नियम होता. तो अकरा वर्षांपूर्वी देल्फिनोनेच लिहिला होता. आजवर त्याखाली चौघं अडकले होते, आणि चौघांच्याही आया त्याच्या दारात येऊन गेल्या होत्या. त्याने कुणाचंही ऐकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता यारित्सा कोठीत आली. हातात वही होती.

"सार्जंट, एक विचारायचं होतं."

"सामन्याचं असेल तर मेजरकडे जा."

"सामन्याचं नाही. नववीच्या पोरींना पाटी लावायला मी शिकवते ना. आता बटणाच्या खालच्या कडेपासून मोजायचं का? नियम बदलला असेल तर मी त्यांना आजच सांगते. नाहीतर पुढच्या बुधवारी सगळ्या नापास होतील."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. देल्फिनोने तो शोधला. असता तर बरं झालं असतं, त्याला चिडता आलं असतं.

"बघतो आणि सांगतो," तो म्हणाला.

"बरं, सार्जंट." ती वही मिटून गेली. गुंडाळी काही तिने पुढे सरकवली नाही.

चार वाजता भिंतीपलीकडे सामना सुरू झाला. यारित्साच्या जागी आठ दिवसांपूर्वी आलेली एक पोरगी बसली होती. देल्फिनो कोठीत बुटांचे जोड लावत होता. एकही हशा आला नाही. पावणेपाचला खुर्च्या सरकल्या, दार उघडलं, आणि तदेओचा आवाज आला, "एक रेघ! एका रेघेसाठी!" मग मेजरचा, शांत, "पुढच्या वर्षी. चला, वायरी गुंडाळा."

देल्फिनोला वाटलं होतं की आतून गार वाटेल. थोडं वाटलंही, खोटं कशाला सांगा. ते कॉफीचा पेला संपेपर्यंत टिकलं.

कारण पेला संपवता संपवता त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. बावीस फेब्रुवारी, शनिवार. राज्याची कवायत स्पर्धा. त्याने तेराच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि मोजत गेला. चौदा, पंधरा, सोळा. दहावं बोट बरोब्बर बावीसवर पडलं. म्हणजे तिथेही यारित्साला उतरता येणार नव्हतं. पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

तो तसाच मेजरच्या खोलीत गेला. "मेजर, तो दहा दिवसांचा नियम. ते शाळेचे दिवस धरायचे ना? की सुट्ट्या सोडून..."

"शाळेचे धरले तर ती महिनाअखेरपर्यंत अडकेल," मेजर म्हणाली. तिने नियमांची फाइल उघडली. "इथे नुसते 'दहा दिवस' आहेत. खाली तुमचीच सही आहे."

"शेवटचा दिवस अर्धा धरतात कधी कधी."

"कोण धरतं?"

देल्फिनो आपल्या सहीकडे बघत राहिला.

"सार्जंट," मेजर म्हणाली, "आज पाच पोरं मला विचारत होती की असं का झालं. मी सांगितलं, सार्जंट आर्चुलेतांची फूटपट्टी खोटं बोलत नाही. मी सहा महिने इथे आहे, आणि तुमच्याविषयी तेवढी एकच गोष्ट मला पक्की ठाऊक आहे."

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. एर्लिंदाने मिरच्यांचा रस्सा परत भांड्यात ओतला. "काय झालं?"

त्याने सांगितलं. बटण, कड, अंगठा, सगळं. एर्लिंदा हात पुसत उभी राहिली.

"उद्या सांगणार आहेस ना?"

"सांगितलं तर म्हणतील, कवायत हातची जातेय म्हणून सांगतोय."

"म्हणून सांगतोयस का?"

देल्फिनोने खूप विचार केला. "मला माहीत नाही, लिंदा. खरंच माहीत नाही."

"मग तसंच सांग," ती म्हणाली, "आणि ते म्हणतील ते ऐकून घे. काल सांगितलं असतंस तर कुणी म्हटलं नसतं."

शुक्रवारी सकाळी सात चाळीसला सगळे कॅडेट मैदानात रांगेत होते. सत्त्याऐंशी पोरं. देल्फिनो त्यांच्यापुढे गेला, फूटपट्टी काढली आणि आपल्याच कोटाच्या बटणाला लावली.

"बुधवारी मी कॅडेट मोंतान्योची पाटी इथून मोजली," त्याने खालची कड दाखवली. "मोजायचं असतं इथून. तिची पाटी बरोबर होती. मी चुकून नाही केलं. मला तिने सामन्याला जायला नको होतं, म्हणून केलं. तिची तपासणी पास आहे. नववीच्या पोरींनी पाटी वरच्या कडेपासूनच लावायची. नियम बदललेला नाही."

मागून तदेओचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "आणि बावीस तारखेची आठवण कधी झाली, सार्जंट?"

"काल पावणेपाचला," देल्फिनो म्हणाला.

रांगेत कुणी हसलं नाही. मेजरने तदेओकडे एकदा बघितलं, पण त्याला गप्प राहायला सांगितलं नाही.

पांगायची आज्ञा झाल्यावर यारित्सा जागेवरच उभी राहिली. देल्फिनो तिच्याजवळ गेला. तिचे डोळे कोरडे होते.

"मी बावीसला येईन," ती म्हणाली. "अकरा जणांनी वर्षभर बंदुका झेलल्यात. त्यांचं काय चुकलं?"

"यारित्सा, पोरी, मी..."

"गुरुवार परत येत नाही, सार्जंट." ती थांबली. "तुम्ही एकदा तरी दार उघडून बघायचं होतं. मी तिथे कशी बोलते ते. 'पोटातून!' म्हणून मी तदेओला रोज ओरडते. सगळी पोरं तुमची नक्कल करून करून बेजार झालीत."

ती गेली. देल्फिनो मैदानात उभा राहिला. आपले शब्द आपल्याशिवाय त्या खोलीत इतके महिने नांदत होते, तिथे ते कुणाकुणाच्या तोंडी होते, त्यावर कोण हसत होतं, आणि ती हसत होती ती याच्यावर की याच्यासाठी, यातलं काहीच त्याला भिंतीतून ऐकू आलं नव्हतं. त्याला मेजरचा हेवा वाटला. त्या सहा संगणकांचासुद्धा वाटला.

बावीसला पथक दुसरं आलं. यारित्साची एकही आज्ञा चुकली नाही. पहिल्या दोन फेकींना बारा तळव्यांचा एकच आवाज आला, पण तिसऱ्या फेकीला अकरांचा, आणि मग एक मागून. बक्षीस घेताना तिने देल्फिनोला रीतसर सलाम केला. 'सार्जंट' म्हटलं, 'हो' म्हटलं, 'आभारी आहे' म्हटलं. परतीच्या बसमध्ये ती मागे पोरांत बसली. कोठीत ती पुन्हा आली नाही.

गोफ बांधायचा सोहळा मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जिमखान्यात असतो. शेवटच्या वर्षाच्या कॅडेटने आपला गोफ कुणाच्या हातून बांधून घ्यायचा ते आपणच ठरवायचं आणि नाव पुकारायचं, अशी तिथली रीत. कवायत पथकाच्या म्होरक्याने पांढऱ्या गोफासाठी दर वर्षी सार्जंटला बोलावलं होतं. सतरा वर्षांत एकदाही वेगळं झालं नव्हतं. देल्फिनोने सकाळीच नखं कापली होती.

यारित्सा मंचावर आली. ध्वनिवर्धकाची तिला गरज नव्हती. "पांढरा गोफ. माझी आजी, दोन्या एलोइसा मोंतान्यो."

म्हातारी काठी टेकत गेली. सगळा जिमखाना टाळ्या वाजवत होता. चार वर्षांच्या मंगळवारांची इस्त्री तिच्या बोटांत होती, पण रेशमी गोफ बांधायची सवय नव्हती. गाठ पडता पडत नव्हती. शेवटी पडली ती दोन बोटं खाली आणि तिरकी. देल्फिनोचे हात मांडीवर आपोआप हलले. एर्लिंदाने ते धरून ठेवले.

"हिरवा गोफ," यारित्सा म्हणाली. "सार्जंट देल्फिनो आर्चुलेता."

जिमखान्यात कुजबुज झाली. मेजर क्लाइन पहिल्या रांगेत होती. तिने मागे वळून पाहिलं आणि बाजूला सरकून त्याला वाट दिली. त्याने ज्याच्याविरुद्ध पाच कारणं वाचली होती, तो गोफ आता तबकात त्याच्यापुढे होता. तो मंचावर गेला आणि गोफ उचलला. शिक्षा आहे की आणखी काही, हे बघायला त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते रांगेतल्यासारखं सरळ समोर होतं.

त्याने डाव्या खांद्यावर गोफ घातला, खांद्यावरच्या बटणापाशी गाठ मारली, फूटपट्टी काढली.

"बटणाच्या वरच्या कडेपासून, सार्जंट," यारित्सा ओठ न हलवता म्हणाली.

"माहीत आहे, पोरी."

एक केसभर खाली होता. त्याने गाठ सोडली, पुन्हा मारली आणि पुन्हा मोजली. आता बरोबर बसला. मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत होते. देल्फिनोने एक पाऊल मागे घेतलं. हिरवा गोफ असा बसला होता की त्या संध्याकाळी तेवढा सरळ दुसरा कुणाच्याच खांद्यावर नव्हता. आणि उजव्या खांद्यावर पांढरा लोंबत होता, दोन बोटं खाली, तिरका, म्हाताऱ्या हाताचा. तो नीट करायला त्याला एक क्षण पुरला असता.

त्याने फूटपट्टी खिशात ठेवली, सलाम केला आणि हात विजारीच्या शिवणीला चिकटवून खाली आला.